सासूबाईंना आवडली नाही

आमच्या दुकानात तीनशे चाळीस प्रकारच्या वाईन आहेत आणि लोक त्यातल्या सहाच घेतात. त्या सहा डोळ्यांसमोरच्या फळीवर असतात. गिऱ्हाईक आत येतं, हनुवटीला बोट लावतं, जाणकाराचा आव आणतं आणि नाकासमोर असेल ती बाटली उचलून म्हणतं, "हीच शोधत होतो." अकरा वर्षं मी गल्ल्यावर आहे. मला पगार बहुतेक हसू दाबण्याचाच मिळतो.

नाकासमोर काय ठेवायचं हे टायवाला ठरवतो. टायवाला म्हणजे वितरकाचा माणूस. वाईन बनवणाऱ्याने थेट दुकानाला विकायची नाही, मध्ये वितरक हवाच, असा कायदा आहे. आणि आमच्या भागात वितरक एकच. टायवाला दर सोमवारी येतो, बाटल्या वरखाली करतो आणि छापील चिठ्ठ्या लावतो. 'मखमली.' 'रानफळांचा दरवळ.' 'सूर्यास्ताची आठवण.' सूर्यास्त चवीला कसा लागतो, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

माझ्या नणंदेची वाईन सगळ्यात खालच्या फळीवर होती, फरशी पुसायच्या बादलीला खेटून. चांगली बँकेतली नोकरी सोडून नणंद त्या वाईनपायी सहा वर्षं खपली. वाईन मात्र खपेना. यंदा कशीबशी वितरकाच्या यादीत लागली, तीही अटीवर: महिनाअखेरपर्यंत आमच्या दुकानातून चार पेट्या, म्हणजे अठ्ठेचाळीस बाटल्या गेल्या तर ठीक, नाहीतर यादीतून नाव कट. यादीतून गेली की कुठल्याच दुकानात मिळणार नाही. अर्धा महिना सरला तेव्हा दोन गेल्या होत्या. एक मीच घेतली होती. दुसरी एका गृहस्थांनी घेतली, बुटाची नाडी बांधायला वाकले होते म्हणून.

माझी बाटली मी सासूबाईंना चाखवली. "आईला कशी वाटली ते नक्की सांग हं वहिनी," असं नणंदेने दहादा बजावलं होतं. स्वतः विचारायची तिची छाती नव्हती. मला तरी फोनवर सांगायचं धाडस कुठे होतं? म्हणून मी दुकानातल्या कोऱ्या कार्डावर लिहिलं: 'सासूबाईंना आवडली नाही. फार तुरट म्हणाल्या. जेवणाबरोबर नको, भांडणाबरोबर चालेल.' संध्याकाळी ती येईल तेव्हा द्यावं म्हणून कार्ड गल्ल्यावर ठेवलं आणि जेवायला गेले.

मालकांचा चष्मा नेहमीप्रमाणे गाडीत राहिला होता. माझ्या अक्षरातलं कार्ड दिसलं, नणंदेच्या वाईनचं असणार म्हणून त्यांनी ते खालच्या फळीवर नीट अडकवून टाकलं.

मी परतले तर एक तरुण बाई खाली उकिडवी बसून खिदळत होती. "एक द्या. नाही, तीन द्या," ती म्हणाली. "आमच्याकडच्यांनाही दाखवायचंय हे." मग एक जावईबापू आले. "मीसुद्धा नावडताच आहे," म्हणत त्यांनी अख्खी पेटी उचलली. पुढचे दोन आठवडे लोक गुडघे मोडून त्या फळीपुढे बसत होते. नणंद आधी माझ्यावर खवळली, मग आकडा ऐकून निवळली. शुक्रवारी रात्री दुकान बंद केलं तेव्हा अकराच कमी होत्या.

शनिवार शेवटचा दिवस. दुकान उघडायलाच टायवाला हजर, सोबत मोफत चव द्यायचं टेबल. डोळ्यांसमोरच्या सहाही बाटल्यांखाली त्याने सोनेरी अक्षरांत छापून आणलेली चिठ्ठी लावली: 'सासूबाईंना आवडली नाही.' आणि माझं कार्ड काढून खिशात घातलं.

"हाताने लिहिलेलं नियमात बसत नाही, ताई," तो गोड हसून म्हणाला.

लोक आले, वरच्या फळीपुढे थांबले, "हीच ना ती?" म्हणत भराभर उचलू लागले. वाकायचं कारणच उरलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी घरी फोन केला. शेवटचा आकडा ऐकायला तिथे आलेली नणंद रडायलाच लागली. तिच्या हातून फोन सासूबाईंनी घेतला.

"माझं नाव लावलंय? मला न विचारता?"

अर्ध्या तासात त्या खांद्याला पिशवी लावून दारात उभ्या.

"या कोण?" टायवाल्याने विचारलं.

"सासूबाई," मी म्हणाले.

रांग अख्खी वळली.

"ही तर मी कधी चाखलेलीच नाही," सासूबाई चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाल्या. "ओत."

चार लोकांत नाही कसं म्हणणार? त्याने ओतली. सासूबाईंनी घोट घेतला, मिटक्या मारल्या. "अगंबाई, छान आहे की! गोड गोड. मला फार आवडली."

मागच्या माणसाने हातातली बाटली हळूच फळीवर परत ठेवली.

सासूबाईंनी दुसरी चाखली. तीही आवडली. तिसरी तर इतकी आवडली की पुन्हा मागून घेतली. सहाच्या सहा आवडल्या, आणि दर 'आवडली'ला गिऱ्हाइकांची एकेक टोपली रिकामी होत गेली. टायवाला टायची गाठ सैल करत होता.

"मग न आवडलेली कुठली?" कुणीतरी विचारलं.

"ती काय, बादलीपाशी. माझ्या लेकीची. घशाखाली उतरत नाही मेली!"

दोनच्या आत दहा गेल्या. अकरावी मी जेवायला गेले तेव्हा मालकांनी विकली.

संध्याकाळी बसमध्ये सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. प्रत्येक वळणावर त्यांच्या पिशवीत काहीतरी खणकत होतं. अकरावी कुठे गेली ते मला कळलं.

"सहाही खरंच आवडल्या तुम्हाला?" मी विचारलं.

"कसल्या आवडतायत! साखरेचं पाणी नुसतं. दाढा शिवशिवताहेत अजून."

"आणि ही?" मी पिशवीकडे बोट दाखवलं.

"ही खरंच नाही आवडत." त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "पण सहा वर्षं खपलीय गं माझी पोर. तिला नावं ठेवायची तर मी ठेवीन. तो टायवाला कोण?"