खिडकीतला नायक

हवानातल्या चिरूटांच्या कारखान्यात ओडालिस कामगारांना कादंबऱ्या वाचून दाखवायची. या खेपेच्या बक्षीसवाल्या कादंबरीचा नायक तीन दिवस खिडकीत बसून नुसता आईला आठवत होता.

"बाई, हा बाबा उठणार कधी?" म्हाताऱ्या रेंबेर्तोने विचारलं.

ओडालिसचंही डोकं उठलं होतं. तिने चाळिसाव्या पानावर स्वतःच्याच मनाने नायकाला खिडकीतून पाडून ठार केलं आणि पुस्तक मिटलं. कामगारांनी तंबाखू कापायच्या सुऱ्या टेबलांवर बडवून पसंती दिली.

शनिवारी खुद्द लेखकमहाशय कारखान्यात आले. रेंबेर्तो म्हणाला, "साहेब, त्याला खिडकीतून पाडलंत, लई बेस केलंत."

सुऱ्या पुन्हा वाजल्या. ओडालिसने मान खाली घातली.

लेखकाने क्षणभर छताकडे पाहिलं. "तो प्रसंग लिहिला," तो म्हणाला, "आणि दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही."