उमरठची चढण

कापडे गाव मागे टाकून सायकली उमरठच्या रस्त्याला लागल्या, तेव्हाच मुरारीच्या मांड्या भरून आल्या होत्या. अकरा वर्षं तो महाडहून पाहुण्यांना सायकलवर फिरवत होता. सकाळी गांधारपाल्याची लेणी, मग पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आणि शेवटी उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. माहिती तोंडपाठ होती. पायांचं मात्र हल्ली काही खरं नव्हतं. चोपन्नावं सरत आलं होतं.

आज पाहुणी एकटीच होती. पुण्याची समीक्षा, तिशीतली. ती पुढे होती आणि दर वळणावर थांबून मागे बघत होती. तिचं ते बघणं त्याला चढणीपेक्षा जड जात होतं.

तिसऱ्या वळणावर तो उतरला आणि उगाच चेन चाचपू लागला.

"बिघडली का, काका?"

खोटं बोलायचाही त्याला कंटाळा आला. "सायकल बरी आहे, ताई. मीच दमलोय. तुम्ही व्हा पुढे."

समीक्षाने सायकल रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला टेकवली आणि ती तिथेच खाली बसली. "बरं झालं बोललात. पोलादपूरपासून माझे पाय थरथरतायत."

"मग सारखं मागे काय बघत होतात?"

"तुम्ही कधी उतरताय ते."

मुरारीला हसू आलं, पण हसायलाही दम पुरेना.

पुढे दोघं सायकली ढकलत निघाले. वरच्या वाडीतली बयाबाई म्हशी घेऊन खाली येत होती. मुरारीला ती ओळखत होती.

"सायकली हायत ना गो? मग चालत का जाता?" तिने समीक्षाला विचारलं.

"दमलो, मावशी."

"मग घराकडं चला. ताक हाय."

ताक पिऊन ते समाधीशी पोचले, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मुरारीने सवयीने सांगायला सुरुवात केली, पण दोन वाक्यांतच त्याला धाप लागली.

"राहू द्या, काका. मी पाटी वाचते," समीक्षा म्हणाली.

त्याने बूट काढले आणि सावलीला अंग टेकलं. मग टेंपोवाल्या चांगूला फोन लावला.

परतताना सायकली टेंपोत मागे बांधलेल्या होत्या. "पुढच्या महिन्यापासून मी सावित्रीच्या काठाने, सपाटीवरून तुडीलपर्यंतच सायकल नेणार," मुरारी चांगूला म्हणाला. "उमरठला तू आणायचं पाहुण्यांना."

"घरी सांगितलंस काय?" चांगूने विचारलं.

मुरारीला डुलकी लागली होती. समीक्षाने ओठांवर बोट ठेवलं, तसा चांगूने टेंपो जरा हळू घेतला.