दोन लिटर औषध

सहा वर्षं नवऱ्याच्या पाण्यावर पहारा ठेवायचा म्हणजे खायचं काम नाही. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि पाणी, चहा, दूध सगळं धरून दिवसाला एक लिटर. एकदा तिची नजर चुकवून तो नळाला तोंड लावून पोटभर प्यायला आणि धाप लागून तीन दिवस दवाखान्यात पडला. तेव्हापासून बायकोची जेलर झाली, असं तो म्हणे. तीही हसायची, पण हसता हसता पेला उचलून न्यायची.

आता त्याची धाकटी बहीण त्याला आपलं मूत्रपिंड देणार होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती, तिची रजाही मंजूर झाली होती. त्याची पन्नाशी उलटलेली, म्हणून आतड्याची तपासणी तेवढी राहिली होती.

“दोन रस्ते आहेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दुर्बीण आत घातली तर गुंगी द्यावी लागते, आणि तुमच्यासारख्यांना रक्तस्रावाची धास्ती जरा जास्त. पण गाठ दिसली की तिथल्या तिथे काढता येते. स्कॅनला गुंगी नको. आतड्यात हवा भरून बाहेरून फोटो काढायचे. मात्र त्यात संशय आला तर दुर्बीण टळत नाही.”

“मग फोटोच काढा,” तो म्हणाला. “मी फोटोत बरा येतो.”

दोन्हीसाठी आतडं स्वच्छ हवं. आदल्या संध्याकाळी पावडर घातलेलं दोन लिटर पाणी संपवायचं. हे अंगात मुरत नाही, सरळ बाहेर पडतं, असं डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं आणि बायकोने दोनदा मान डोलावली. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दोन लिटरने हा जायचाच, असं तिच्या मनाने घेतलं. तिने एक लिटर त्याला पाजलं आणि एक मोरीत ओतलं. आपण त्याला वाचवलं, असं समजून ती निवांत झोपली.

स्कॅनमध्ये दोन ठिकाणी काहीतरी दिसलं.

“गाठ आहे की चिकटून राहिलेला मळ, सांगता येत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हा संशय फिटेपर्यंत ऑपरेशन नाही. औषध पूर्ण घेतलं होतं ना?”

“हिने दिलं ते थेंब न् थेंब प्यायलो,” तो म्हणाला.

बायको गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. “अर्धं मी ओतून दिलं,” ती म्हणाली.

सोबत आलेली नणंद ताडकन उठली. “वहिनी, मी पोट चिरून घ्यायला तयार झाले, आणि तुला एक लिटर पाणी पाजवलं नाही?” ती निघून गेली. तिची रजा वाया गेली ती गेलीच. पुढे महिनाभर तिचा फोन आला नाही, आणि ती अजून मूत्रपिंड देणार आहे का, हे विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही.

दुर्बिणीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा तेच औषध. दीड लिटरला नवऱ्याने हात जोडले. “बस गं आता.” सहा वर्षं त्याला ‘नाही’ म्हणणं तिला जड गेलं नव्हतं, ‘घ्या’ म्हणणं जात होतं. तिने शेवटचा पेला त्याच्या ओठांना लावला आणि त्याच्या पायांवर हात ठेवून सूज चाचपत बसली. सूज आली नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी संपली तेव्हा बाहेरच्या बाकाच्या टोकाला नणंद बसलेली होती. कधी आली, कोण जाणे.

“एका ठिकाणी काहीच नव्हतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दुसरीकडे गाठ होती, ती काढली. आठवड्याने रिपोर्ट येईल. साधी निघाली तर नवी तारीख घेऊ.”

त्या गेल्यावर बायको बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

“रजेचा अर्ज काल पुन्हा टाकलाय,” नणंद समोर बघत म्हणाली. “ऑपरेशननंतर दिवसाला तीन लिटर पाजायला सांगतात. पाजवेल तुला?”

बायकोला रडू आवरेना. “पाजीन,” ती म्हणाली. “पण पहिले काही दिवस तू जवळ बस.”