सेलवरचा पियानो

मोखाड्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर भास्करराव पियानोवरची एक अवघड विलायती रचना शिकायला बसले. तिचा शेवटचा द्रुत भाग बोटांत बसेल तर शपथ. तरी पत्नी जानकीबाईंनी कौतुकाने जव्हारच्या घरी आख्खी आळी ऐकायला बोलावली. मग भास्कररावांनी इलेक्ट्रॉनिक पियानोत आधीच भरलेली तीच रचना गुपचूप चालू केली आणि पट्ट्यांवर नुसती बोटं फिरवली.

ऐन रंगात वीज गेली. सवयीने ते मेणबत्ती शोधायला उठले. पियानो मात्र सेलवर वाजतच राहिला.

"बघा, अंधारातसुद्धा चुकत नाहीत," जानकीबाई म्हणाल्या.

भास्कररावांना मेणबत्ती आणि काडेपेटी सापडली, पण हातातली काडी ओढवेना. तेवढ्यात सुनेने, बाबांना पट्ट्या दिसाव्यात म्हणून, मोबाइलचा उजेड रिकाम्या स्टुलावर धरला.