सुटी बोटं

वाफवलेल्या केळीच्या पानाचा कोमट, किंचित तुरट गंध कुठेही आला, की माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप फाकतात आणि सुलोचना सिस्टर आठवतात. औरंगाबादच्या एका दवाखान्यातल्या जळीत वॉर्डात, उन्हाळ्याच्या पांढऱ्याफटक उजेडात, खाटांच्या दोन ओळींमधून त्या एकट्याच फिरायच्या. दुसरी सिस्टर येणार, येणार म्हणत कधी आलीच नव्हती आणि मलमपट्टीचं सामान तर सदैव संपलेलं. मग त्या केळीची पानं धुऊन, वाफवून जखमांवर पांघरायच्या, तेही अशा निगुतीनं, की वॉर्डाची ती जुनीच रीत वाटावी.

स्टोव्हच्या भडक्यात हात भाजून मी वैजापूरहून तिथे आले, तेव्हा नववीत होते आणि आपल्या वळणदार अक्षराच्या तोऱ्यात होते. सिस्टरांनी आईला बजावलं होतं, की दर दोन तासांनी हिची बोटं एकेक करून सुटी करा, सरळ करा. नाहीतर नवी कातडी त्यांना एकमेकांत सांधून टाकील आणि हा हात पुन्हा पेन धरणार नाही. आई हो म्हणाली. पण मी कळवळले की तिचा हात थांबे, आणि माझी बोटं तशीच मिटलेली ठेवून ती पदरानं वारा घालत बसे. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी पान उचललं, तर करंगळी शेजारच्या बोटाला चिकटू लागली होती.

त्या रागावल्या नाहीत. क्षणभर साऱ्या वॉर्डावरून त्यांची नजर फिरली. मग शेजारच्या खाटेवरच्या, पाय भाजलेल्या मुलीची आई, हमीदाबी, हिला त्यांनी माझ्याजवळ बसवलं आणि माझ्या आईला त्या मुलीजवळ.

"माय, तुमची माया लई हाय, म्हणून तुमच्यानं व्हायचं नाय," त्या आईला म्हणाल्या. "आजपासून हिची बोटं ह्या उघडतील, अन् ह्यांच्या पोरीचा गुडघा तुम्ही सरळ करायचा."

कोपरापर्यंत हात धुऊन दोन आया एकमेकींच्या लेकींना रडवू लागल्या. हमीदाबी स्वतः डोळे पुसायची, 'बस बेटा, एक और' म्हणायची, पण एकही बोट सोडायची नाही. मला तिचा भयंकर राग यायचा. पलीकडे पाठमोऱ्या आईचे खांदे हलत असत, हात मात्र चालूच असत. आठवड्याभरात साऱ्या वॉर्डानं अशी माणसं बदलून घेतली. सिस्टर मधून जाताना आपली पाच बोटं फाकवून दाखवायच्या आणि मला तसंच उत्तर द्यावं लागे. ते मिळाल्याशिवाय त्या पुढच्या खाटेकडे वळत नसत.

पुढे तपासणीला गेले तेव्हा त्यांची बदली झाली होती. त्यांच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. खाटांजवळ मात्र कुणाकुणाच्या आया परक्या लेकरांवर वाकलेल्या होत्या. मी दारात पाच बोटं फाकवून जरा वेळ उभी राहिले.

तोंडावर सदा बांधलेल्या फडक्यामुळे सिस्टरांचा चेहरा मी कधी नीट पाहिलाच नाही, आणि आवाजही आता काळानं पुसत आणला आहे. करंगळी अजून थोडी वाकडी आहे. लिहायला बसले, की पेन धरण्याआधी ती कागदाला टेकते, आणि मग त्या नसलेल्या बाईला उत्तर दिल्यासारखी बाकीची बोटं उघडतात.