घरचं पेशंट

"सिस्टर, तुमचीच भाची ना ही? थांबा, मी स्वतः बघतो," म्हणत मोठे डॉक्टर हातमोजे चढवू लागले. दुपारचे बारा वाजले होते आणि सकाळपासूनची ही सहावी तपासणी होती.

चूक माझीच. सकाळी सहाला धाकट्या बहिणीचा फोन आला, पोरीची पाणमोट फुटली म्हणून. ड्यूटीवर आले ती भेटेल त्याला सांगतच सुटले, "आपलंच पेशंट आहे, जरा लक्ष ठेवा." चोवीस वर्षांत इथे कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता मागितलं, तर सगळ्यांनी ओंजळ भरून दिलं. जो तो येऊन आतून तपासून गेला. परक्या बाईला दोनदा तपासून सोडलं असतं. पोटाला बांधलेल्या पट्ट्यामुळे मशीनवर बाळाचे ठोके तर दिसतच होते.

पाणमोट फुटल्यावर आत हात जितके कमी जातील तितकं बरं, नाहीतर जंतू चढतात, हे नव्या पोरींना दरसाल मीच शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"सर, डॉक्टर मॅडमनी तासापूर्वीच बघितलंय," मी चाचरत म्हटलं.

"अहो, तुमच्यासाठी नाही करायचं तर कुणासाठी?"

मीच बोलावलेल्या माणसाला दारातून परत कशी पाठवणार? मी बाजूला झाले.

दोन वाजता भाची कुडकुडायला लागली. ताप एकशे दोन. मशीनवर बाळाचे एकशे चाळीसचे ठोके एकशे ऐंशीला गेले. तिला कुशीवर वळवलं, पट्टा सरकवून पाहिला, सलाईन वाढवलं, इंजेक्शनं सुरू झाली. आकडा काही उतरेना.

साडेतीनला सिझेरियन झालं. मुलगी. रडली, पण मांजराच्या पिल्लाएवढंच. तिला लगेच वरच्या मजल्यावर नेलं. "जंतुसंसर्ग दिसतोय. दोन दिवस काही सांगता येणार नाही," मुलांचे डॉक्टर म्हणाले.

मोठे डॉक्टर म्हणाले, आधीपासूनच असेल. असेलही. हात न लावताही असं होतं, मी पाहिलंय. खरं काय ते आता कुणालाच कळायचं नाही, आणि मला तेच खातंय.

बाहेर बहिणीने माझे दोन्ही हात धरले. "ताई, तू होतीस म्हणून गं! नाहीतर कोण इतकं बघतं?"

मी हात सोडवून घेतले आणि आत भाचीकडे गेले.

भाचीने डोळे न उघडताच विचारलं, "मावशी, वर पण तुझी ओळख आहे ना? सांग ना त्यांना, आपलंच बाळ आहे म्हणून."

"जाते," मी म्हटलं.

वरच्या सिस्टरने मला पाहताच दार उघडलं. "या ना आत. तुम्हाला कोण अडवणार?"

"नको," मी म्हटलं. "इथूनच बघते."

काचेतून नळ्या दिसत होत्या, आणि एक पाऊल.