फिनमधली जोडवी

धनलक्ष्मीने पोहताना पायात चढवायच्या रबरी फिनच्या आत ओंजळभर पाणी ओतलं, पाय सारला, टाच बसवली आणि उठायच्या आतच तिचा ओठ दाताखाली गेला. उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटावरचा फोड पुन्हा ठणकायला लागला होता.

बंगळूरच्या मल्लेश्वरमात तिचं चपलांचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याची चप्पल कुठे चावते हे ती ओळखायची, आणि तसं तोंडावर सांगायलाही मागेपुढे पाहायची नाही. येलहंक्याच्या या जलतरण तलावावर स्कूबा डायव्हिंग शिकायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने फिन्स हातात घेऊन वाकवून पाहिले, अर्धा नंबर मोठे मागून घेतले, आत पातळ रबरी मोजे चढवले, टाचेला व्हॅसलीन चोळलं. तरुण मंडळी लंगडत होती आणि ही पन्नाशीची बाई त्यांना मोजे कसे घालायचे ते शिकवत होती. मोज्याला सुरकुती राहिली की फोड आलाच म्हणून समजा, असं बजावत होती. आणि फोड आला तो तिलाच.

शिकवणारा प्रवीणकुमार निपाणीकडचा. त्याने फिन काढायला लावला, मोजा उतरवायला लावला आणि बोटातल्या चांदीच्या जोडव्याकडे पाहून मान हलवली.

"अक्का, नंबर बरोबर आहे, मोजेपण बरोबर आहेत. ही जोडवी काढा. फोड फुटला तर शनिवारी मी तुम्हाला समुद्रात सोडणार नाही."

"बघते," ती म्हणाली. गिऱ्हाइकाच्या तोंडून हा शब्द आला की ती मुकाट्याने चपला परत खोक्यात भरायची.

मुरुडेश्वरच्या समुद्रात उतरायचंच, असं तिने मनावर घेतलं होतं. लोकांना वाटे, नवऱ्याची राहिलेली इच्छा असेल. कसली इच्छा! उमाकांत समुद्रावर गेला तरी पँट दुमडून कोरड्या वाळूत उभा राहायचा. ही हौस तिची स्वतःची होती, म्हणूनच ती तिला सोडवत नव्हती.

जोडव्यांचं प्रकरण मात्र उमाकांतचंच. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा सासूबाई, तुंगाबाई, रिवाजाप्रमाणे तिची जोडवी काढायला आल्या होत्या. धनलक्ष्मीने पाय साडीत ओढून घेतले आणि घरभर पाहुणे असताना ठाम नाही म्हटलं. नवरा गेला, संसार कुठे गेला, असंही विचारलं. नंतर कितीतरी महिने दोघींचं बोलणं कामापुरतं होतं. आज जोडवी काढली तर तुंगाबाई काय समजतील हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटी आली ना ताळ्यावर, असंच. शिवाय ती उतरली की उमाकांत आता खरोखरच गेला, असं तिचं तिलाच वाटेल, याची तिला भीती होती.

संध्याकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून तिने बोटाला साबण लावला. बोट सुजलं होतं, जोडवं जागचं हलेना. समोर तुंगाबाई पावट्यासारख्या अवरेच्या शेंगा सोलत होत्या. हे समुद्रासाठी आहे, दुसऱ्या कशासाठीही नाही, असं धनलक्ष्मीने मान वर न करता सांगून टाकलं.

तुंगाबाई उठल्या. खोबरेल तेल आणि शिवणकामाचा दोरा घेऊन आल्या आणि खाली बसून त्यांनी सुनेचा पाय मांडीवर घेतला.

"आत्याबाई, पाय नका धरू."

"गप बस स्वल्प, जरा वेळ."

त्यांनी दोऱ्याचं टोक जोडव्याखालून घेतलं, बोटाला दोरा घट्ट गुंडाळला, तेल सोडलं आणि दोरा उलगडत उलगडत जोडवं उतरवलं. फोडाला धक्कासुद्धा लागला नाही. आता टोमणा येणार म्हणून धनलक्ष्मी उत्तर तयार ठेवून बसली. तुंगाबाईंनी जोडवं पुसलं आणि पदराच्या टोकाला बांधलं.

"समुद्रातनं आलीस की मी परत घालते."

धनलक्ष्मीने वर पाहिलं.

"माझी काढली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," तुंगाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, विचारायची पद्धतच नसते."

धनलक्ष्मीने दुसरा पाय पुढे केला.